मुंबई एका वैद्याच्या नावावर होती म्हणे: ओर्ताचा पट्टा, माड आणि पोफळी

फोर्ट भागात वारसा-फेरी घडवणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे: "गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात मुंबईचा मालक होता, असं आम्ही फेरीत सांगतो. त्याने हे बेट विकत घेतलं होतं का? इथे त्याची वनस्पतिबाग होती का? आणि औषधांवरच्या पुस्तकात तो माड-पोफळीत एवढा का रमतो?"

मी वनस्पतिशास्त्रातली नाही, वकील आहे. तीस-बत्तीस वर्षं वसई, पालघर आणि मुंबई उपनगरांत जमिनींचे टायटल सर्च, म्हणजे मालकीहक्काचा जुना माग काढायचं काम, करत आले. सासरची थोडी वाडी आहे. तिथे पोफळी आहेत, चार माड आहेत, आणि भाऊबंदकीही भरपूर आहे. त्यामुळे तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे मी दप्तराच्या बाजूने बघते, आणि त्या बाजूने बघितलं तर ते तीन प्रश्न एकच आहेत.

आधी सरळ उत्तर देते. ओर्ता मुंबईचा मालक नव्हता. त्याने बेट विकत घेतलं नव्हतं. वनस्पतिबाग हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो, तशी बागही त्याची नव्हती. त्याच्याकडे होता तो कायमचा पट्टा, आणि त्या पट्ट्याचं उत्पन्न येत होतं ते मुख्यतः झाडांतून आणि भातातून. माड-पोफळीत तो रमला तो शास्त्रज्ञ म्हणून, हे खरंच. पण ज्याचा भाडेपट्टा झाडांवर चालतो त्याची झाडांकडे बघायची नजर वेगळी असते, आणि ती त्याच्या पुस्तकात ठिकठिकाणी दिसते.

आता सविस्तर.

ओर्ता मूळचा पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हीदचा. आईवडील स्पेनमधून हाकललेले यहुदी, पोर्तुगालमध्ये जबरदस्तीने ख्रिस्ती झालेले. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला इथे तो वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात काही वर्षं शिकवलं, आणि मार्च १५३४ मध्ये मार्तिम आफोंसो द सोझाच्या आरमाराबरोबर त्याचा वैद्य म्हणून निघाला. सप्टेंबरात गोव्याला उतरला. त्याच वर्षीच्या २३ डिसेंबरला गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात वसई आणि तिच्या आधीनची बेटं पोर्तुगिजांना लिहून दिली. मुंबई त्यातच गेली. म्हणजे हा माणूस हिंदुस्थानात पाय ठेवतो आणि तीन-साडेतीन महिन्यांत त्याचं भावी बेट त्याच्या राजाच्या खात्यावर येतं. या सगळ्यात इथल्या कोळ्याला, कुणब्याला, भंडाऱ्याला कुणी विचारलं नाही. सुलतानाने दिलं, राजाने घेतलं. टायटलची साखळी इथून सुरू होते, हे तुमच्या फेरीत एका वाक्यात तरी यायला हवं.

बेट हातात आल्यावर पोर्तुगिजांनी काय केलं? जे कुठलंही दूरचं सरकार करतं तेच. स्वतः वसूल करण्यापेक्षा माणसाला लावून दिलं. त्यांच्या कायद्यात याला 'आफोरामेंतु' म्हणतात. यात जमिनीचे दोन हक्क मानतात. वरचा हक्क राजाचा, तो सुटत नाही. खालचा, म्हणजे वहिवाटीचा, उपभोगाचा हक्क पट्टेदाराचा. त्याबद्दल पट्टेदार दरसाल ठरलेली रक्कम भरतो, तिचं नाव 'फोरु'. हा पट्टा कधी तीन पिढ्यांसाठी असे, म्हणजे तीन आयुष्यं संपली की जमीन परत. आणि कधी 'एं फातियोता', म्हणजे कायमचा, वंशपरंपरेचा. विकायचा झाला तर वरच्या मालकाची परवानगी आणि त्याचा वाटा द्यावा लागे. फोरु थकवला तर पट्टा जप्त.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण हवं असेल तर मिरासदार आठवा. घर-शेत बापजाद्यांचं, विकता येतं, गहाण टाकता येतं, पण सारा भरायचा आणि वर कुणीतरी आहे हे विसरायचं नाही. नेमकी तीच गोष्ट नव्हे, पण 'मालक' या शब्दापेक्षा कितीतरी जवळची. गोव्यात आजही कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या, जमिनींच्या कागदांत 'आफोरामेंतु' हा शब्द हाताखालून जातो. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो औषधाचं नाव वाटला होता.

ओर्ताला मुंबई मिळाली ती १५५४-५५ च्या सुमाराला. तोवर तो गोव्यात स्थिरावलेला, नामांकित वैद्य होता. व्हाइसरॉय, गव्हर्नर त्याचे रोगी. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा रोगी आणि जवळचा माणूस. औषधं आणि रत्नं यांच्या व्यापारातही त्याचा हात होता. अशा माणसाला राजाकडून बेट मिळणं म्हणजे फुकट बक्षीस नव्हे, ओळखीवर मिळालेला धंदा आहे. या बेटाच्या वार्षिक भाड्यासाठी जुन्या नोंदींत सुमारे १,४३२ परदाव (तेव्हाचं गोव्याकडचं नाणं) हा आकडा येतो. आणि 'बेट' म्हणजे सगळी मुंबई नव्हे, हेही फेरीत सांगा. सात बेटांपैकी मधलं, ज्याला तेव्हा 'मोंबाइं' म्हणत, तेवढंच. माझगाव वेगळ्या पट्टेदाराकडे होतं. माहीम, परळ, वरळी यांची खाती निराळी. आजच्या भाषेत सांगायचं तर सातबारे वेगवेगळे होते.

आता पुस्तकाकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नात दडलेलं आहे.

ओर्ताचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. लॅटिनऐवजी पोर्तुगीजमध्ये लिहिलेले औषधी द्रव्यांवरचे हे संवाद. एका बाजूला स्वतः ओर्ता, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा कल्पित स्पॅनिश वैद्य, जो ग्रीक आणि अरबी ग्रंथांची नावं घेऊन शंका काढतो. ओर्ता त्याला म्हणतो, ग्रंथ राहू दे, मी डोळ्यांनी काय पाहिलं ते ऐक. मधेच आंतोनिया नावाची दासी येते, एखादी फांदी, एखादं फळ आणून ठेवते. पोर्तुगीज महाकवी कामोइंशची छापून आलेली पहिली कविता याच पुस्तकात आहे, पण ते जाऊ दे.

सुपारीवरचा संवाद काढा. सुपारी कुठे कुठे होते, कुठली चांगली, हे सांगता सांगता ओर्ता मुंबईवर येतो, आणि तिथेच, चालता चालता, म्हणतो की ही जमीन आणि बेट आपल्या राजाने मला मेहेरबानी म्हणून दिलंय, 'आफोरादा एं फातियोता'. बस. त्याच्या पट्ट्याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून जे वाक्य आपण सगळे दाखवतो, ते पोफळीच्या प्रकरणात आहे. राजकारणाच्या नाही, भूगोलाच्याही नाही. मुंबई त्याला आठवते ती सुपारी पिकणारी जागा म्हणून.

आणि वकील म्हणून मला यातला मजकूर फार आवडतो. तो 'माझं बेट' एवढंच म्हणून थांबू शकला असता. पण हक्काचा प्रकार लगेच जोडून देतो: पट्ट्याने, कायमच्या. ज्याला फोरु भरायची तारीख माहीत असते तोच असं लिहितो. मालक असं लिहीत नाही.

त्याच संवादात नावांची मौज आहे. अरबांचं 'फौफेल', दख्खनचं 'सुपारी'. हे फौफेल म्हणजे आपल्याच 'पूगफल'चं परदेशी गेलेलं रूप, आणि पोफळ हे घरी राहिलेलं. सख्ख्या बहिणी, एक अरबस्तानात दिलेली.

नारळावरच्या संवादात तो झाडाला 'मारो' आणि फळाला 'नारेल' म्हणतात असं नोंदवतो. मारो म्हणजे आपला माड, पोर्तुगीज कानाला 'ड' झेपला नाही एवढंच. मल्याळी 'तेंगा'ही देतो. पोर्तुगिजांनी त्याला 'कोकु' का म्हटलं, तर नारळाच्या तीन डोळ्यांमुळे ते माकडासारखं तोंड दिसतं म्हणून. नारळ सोलून शेंडी काढल्यावर पोरं आजही हाच खेळ करतात.

पुढचा भाग मात्र वाडीवाल्याने लिहिल्यासारखा आहे. तो म्हणतो, माडांच्या दोन जाती करतात: एक फळासाठी ठेवलेले, दुसरे सुरेसाठी. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे. झाड एकच, जात एकच. पण वसुलीच्या दृष्टीने हे शंभर टक्के बरोबर आहे. ज्यांनी वाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. माडाला पोय येते, म्हणजे अजून न उमललेला फुलोरा. तिला दोरीने आवळायची, रोज टोक छाटायचं, खाली मडकं बांधायचं. त्यातून जो रस ठिबकतो ती सूर, आमच्याकडे माडी. पण जी पोय छाटली तिला नारळ धरत नाही. म्हणजे प्रत्येक माडापुढे उभं राहून ठरवावं लागतं: याचा नारळ घ्यायचा की याची सूर काढू द्यायची? नारळाचं उत्पन्न एक, सुरेचं वेगळं. चढणारा माणूस वेगळा, त्याच्याशी होणारा करार वेगळा, आणि सरकारचा कर तर नक्कीच वेगळा. तीनशे वर्षांनी इंग्रजांनी मुंबई अबकारी कायदा आणला, १८७८ साली, तेव्हाही भंडाऱ्यांशी त्यांचं भांडण पेटलं ते झाडामागच्या करावरूनच. ओर्ताची 'दोन जातींची' विभागणी ही जमीनदाराच्या वहीतली विभागणी आहे. ती त्याने वैद्यकाच्या पुस्तकात तशीच उचलून ठेवली.

तिथून तो उत्पादनांवर जातो आणि एकही सोडत नाही. सूर. ती उन्हात ठेवली की होणारा शिरका. सूर आटवून केलेला काळसर गूळ, ज्याला तो 'जागरा' म्हणतो. सूर गाळून काढलेली दारू, 'ओर्राका', आणि तिच्यातली पहिल्या धारेची, पेटवली तर पेटणारी, तिला 'फूल'. हे 'फूल' आपलंच. काथ्याबद्दल तो लिहितो की खाऱ्या पाण्यात कुजत नाही, म्हणून इकडच्या जहाजांचे दोरखंड त्याचेच. खोबरं, त्याचं तेल, कोवळं शहाळं, करवंटीचा कोळसा. वाचताना एखाद्या वाटणीपत्राचं परिशिष्ट वाचल्यासारखं वाटतं.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोव्यात आज 'हुर्राक' म्हटलं की लोकांना काजूची दारू आठवते. ओर्ताच्या पुस्तकात काजूच नाही. तो ब्राझीलहून आलेला पाहुणा, इथल्या ग्रंथांत नंतर शिरतो. म्हणजे हा शब्द माडाचा, आणि नंतर काजूने तो बळकावला. शब्दांच्या बाबतीतही अतिक्रमण होतं, आणि पुढे वहिवाटीने कायम होतं.

माड-पोफळीच्याच ताडकुळातला तिसरा विषय म्हणजे मालदीवचा नारळ, आपला दर्याई नारळ. जोडनारळासारखा, समुद्रातून वाहत येणारा, विषावर उतारा म्हणून राजेरजवाडे सोन्याच्या भावाने घेत. मालदीवजवळची जमीन समुद्राने गिळली आणि बुडालेल्या माडांची ही फळं वर येतात, ही त्या वेळची समजूत ओर्ता देतो. पण गुण सांगताना स्पष्ट म्हणतो की मी स्वतः हे वापरून पाहिलेलं नाही. फळाचं खरं घर, सेशेल्समधलं प्रालीन बेट, युरोपियनांना कळलं ते १७६८ साली. मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. जे ताडकुळातलं झाड त्याच्या पट्ट्यात होतं, त्याबद्दल तो ठाम आहे, वास-चव-भाव सगळं माहीत आहे. जे नव्हतं, तिथे हात आखडता. कागद पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं तत्त्व तो पाळतो.

वनस्पतिबाग होती का, हा तुमचा मधला प्रश्न. मुंबईत त्याचं घर होतं, भोवती झाडं होती, हे धरून चाललं तर हरकत नाही. आंब्याबद्दल तो स्वतः सांगतो की माझ्या त्या बेटावर एक आंबा आहे, तो वर्षातून दोनदा फळतो, एकदा नाताळाच्या सुमाराला आणि एकदा मे अखेरीला. पण तो राहायचा गोव्यात. आंब्याच्याच संवादात एक प्रवेश आहे, तो तुम्ही फेरीत जरूर सांगा. दोघे वैद्य बोलत बसलेत. नोकर आत येतो आणि सांगतो की मुंबईचा तुमचा खंडकरी सिमाओं तोश्कानु गलबताने आलाय, आंबे घेऊन आलाय.

हा एवढासा प्रवेश, पण यात सगळा व्यवहार आहे. वर राजा. त्याला फोरु देणारा पट्टेदार ओर्ता, चारशे-साडेचारशे किलोमीटर दूर गोव्यात. त्याच्या खाली बेट खंडाने घेतलेला तोश्कानु. त्याच्या खाली वाडी शिंपणारे, भात लावणारे, माडावर चढणारे. आणि वरपर्यंत काय पोचतं? रोकड अर्थातच. पण पुस्तकात पोचतात ते आंबे. आमच्याकडेही शहरातल्या भावाला हिश्शाऐवजी जूनमध्ये एक पेटी पाठवतात आणि विषय मिटला असं समजतात.

खंडकऱ्यासाठी पोर्तुगीज शब्द 'रेंदेइरु'. गोव्यात सूर काढणाऱ्याला कोंकणीत 'रेंदेर' म्हणतात, तो याच शब्दाचा नातू. मूळ अर्थ वसुलीचा मक्ता घेणारा. तो अर्थ कधीतरी घसरत घसरत माडावर चढला आणि तिथेच राहिला. माडाचं उत्पन्न आणि मक्ता ही एकच गोष्ट होती, याचा याहून चांगला साक्षीदार मला माहीत नाही. भाषा खोटी साक्ष देत नाही. दिली तर उलटतपासणीत सापडते.

आता माझ्या कामातलं एक उदाहरण. बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका कुटुंबाचं काम आलं होतं. जमीन तीन भावांत वाटलेली, मोजणी झालेली, नकाशा स्वच्छ. मी खूश. मग म्हातारीने ट्रंकेतून एक जुना कागद काढला. त्यात जमिनीची वाटणी एका ओळीत आणि झाडांची वाटणी दीड पानात. विहिरीच्या उगवतीचे माड इतके अमक्याला, बांधावरची फणसाची दोन तमक्याला, पोफळी अर्ध्या-अर्ध्या. जमीन एकाची, माड दुसऱ्याचा. कोकणात हे काही नवीन नाही, सातबाऱ्यावर इतर हक्कांत अशा नोंदी सापडतात. पण तो व्यवहार त्या झाडांच्या हक्काने सात महिने अडला. घेणाऱ्या पार्टीचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, झाडांचं काय एवढं?" मी त्याला म्हटलं, "शंभर वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर लोक म्हणाले असते, जमिनीचं काय एवढं?"

सोळाव्या शतकातल्या मुंबईत हेच होतं. खडक, खाजण, भरतीचं पाणी. जमिनीला भाव नव्हता, तिच्यावर उभ्या असलेल्याला होता. वसईकडच्या पोर्तुगीज वसुलीच्या दप्तरात, सिमाओं बोतेल्यू या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या १५५४ च्या नोंदीत, 'मुरा' आणि 'बाते' हे शब्द येतात. मुरा म्हणजे मुडा, धान्याचं माप; बाते म्हणजे भात. जकातीच्या नाक्याला ते 'मांदोविं' म्हणतात, आपली मांडवी. राज्य परक्यांचं, माप आणि शब्द आपले. कारण मोजणारा आपला. ओर्ताही ते जाणतो. तो या प्रांतातल्या लोकांबद्दल लिहितो तेव्हा शेत करणारे कुणबी, बागा राखणारे माळी, राजाचा वसूल गोळा करणारे परभू, आणि पारशी, असे सगळे येतात. धंद्यानिशी येतात.

पण नावानिशी येत नाहीत, आणि माझी त्याच्याबद्दलची एक नाराजी इथे आहे. माडाबद्दल त्याला जे माहीत होतं ते त्याला कुणी सांगितलं? पोय कधी आवळायची, फूल कुठली धार, हे सालामांकाच्या पुस्तकात नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षांनी डच गव्हर्नर व्हान रेडने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ काढला. त्याचीही सुरुवात माडानेच होते. त्याने मात्र इट्टी अच्युतन या वैद्याचं नाव घातलं, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोंकणी ब्राह्मणांची साक्ष त्यांच्याच लिपीत, नागरीत, छापली. ओर्ताकडे दासी आंतोनियाचं नाव आहे, खंडकऱ्याचं आहे. माडावर चढणाऱ्याचं नाही. त्याला मी लबाड म्हणणार नाही, त्या काळात नाव देण्याची रीत नव्हती. पण फेरीत त्याला 'भारतीय वनस्पतिज्ञानाचा जनक' वगैरे म्हणत असाल तर हात जरा आवरा.

पुढचं झपाट्याने सांगते, कारण ते सुखाचं नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. ओर्ता १५६८ मध्ये वारला, बिछान्यात. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल जाळलं. आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून जाळली. ज्याला राजाने कायमचं बेट दिलं, त्याला त्याच राज्याने कायमची कबरही दिली नाही. पणजीच्या मुख्य चर्चजवळच्या नगरपालिकेच्या बागेला आज त्याचं नाव आहे.

मुंबईचा पट्टा तर आणखी काही हातांतून फिरला. १६६१ च्या लग्नाच्या तहाने बेट इंग्लंडच्या राजाकडे गेलं, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये इंग्रजांच्या वतीने हम्फ्री कुकने ताबा घेतला तो बेटाच्या वाड्यात उभं राहून. ज्या घराची परंपरा ओर्तापर्यंत नेतात तेच हे घर. तेव्हा तिथे दोना इग्नेझ द मिरांदा नावाची विधवा राहत होती. १६६८ मध्ये राजाने तेच बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांनी लावून दिलं. म्हणजे पुन्हा पट्टाच! या बेटाला बरीच शतकं राहणारा मालक मिळाला नाही, पट्टेदार मिळत गेले.

माड मात्र टिकून होते. १६७० च्या दशकात आलेला इंग्रज वैद्य फ्रायर इथल्या माडबागांचं आणि त्या राखणाऱ्या भंडाऱ्यांचं वर्णन करतो. माडांना मासळीचं खत घालत, त्याच्या वासाने आजार पसरतो अशी इंग्रजांची पुढे कितीतरी वर्षं तक्रार होती. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने १६७० च्या दशकातच जमीनधारकांशी समझोता केला आणि वर्षाला वीस हजार शेराफीं (हेही गोव्याकडचं नाणं) ठरवून जुने हक्क कायम केले. मुंबई शहराच्या जमिनींचा जुना प्रकार 'पेन्शन अँड टॅक्स' हा तिथून निघाला. दुसरा जुना प्रकार 'फोरास'. पोर्तुगीज वहिवाटीतून आलेला शब्द. समुद्रातून, खाजणातून उपसलेल्या जमिनी नाममात्र भाड्याने देत, त्या फोरास. त्यावर १८५१ साली कायदा झाला. फोरास रोडवरून, म्हणजे आताच्या निमकर मार्गावरून, रोज हजारो माणसं जातात. त्या रस्त्याच्या नावात पोर्तुगीज जमीनमहसुलाचा एक तुकडा अडकून राहिलाय, हे कुणाच्या गावीही नसतं. तुमची फेरी तिथे जात नसेल, पण उल्लेख करायला काय जातं.

तेव्हा फेरीच्या मजकुरात काय बदलाल ते सांगते. 'मुंबईचा मालक' काढा, 'मुंबई बेटाचा कायमचा पट्टेदार' लिहा. 'विकत घेतली' काढा, 'वार्षिक भाड्याने मिळाली' लिहा. 'सात बेटं' असेल तर खोडा. 'वनस्पतिबाग' हा शब्द टाळा, 'वाडी' म्हणा. लोकांना वाडी कळते, आणि ती खरी आहे. उभं कुठे राहायचं तर एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे टाउन हॉलच्या, पायऱ्यांवर. वाड्याची जागा पाठीमागे नौदलाच्या आवारात आहे, आत जायला आधी परवानगी काढावी लागते. ती मिळाली नाही तर पायऱ्यांवरच तोश्कानुच्या आंब्यांची गोष्ट सांगा. मे महिन्यात फेरी असेल तर दोन आंबे सोबत ठेवा, आणि खिशात एक सुपारी.